आवाज नसलेली पेटी

भाच्याने पंचवीस पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड आणला. वायर लॅपटॉपला लावली, पट्टी दाबली, आवाज नाही. "मामू, बिघडलेला दिला वाटतं."

बिघडलेला नव्हता. या पेटीला ना भाता, ना सूर. ती फक्त आकडे पाठवते: कोणती पट्टी, किती जोरात, कधी सोडली. आवाज सॉफ्टवेअरने काढायचा. ही भाषा ठरवण्यात अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी पुढे होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये वायरीने जोडून दाखवली गेली. भाषा सर्वांना खुली ठेवली, म्हणून आज फुकटची सॉफ्टवेअरही ती समजतात.

पट्ट्या मात्र सप्तकाला बाराच, आणि हे भांडण आपल्याकडे जुनेच. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट झालेली हार्मोनियम इथे आली, कव्वालीत, कीर्तनात, नाट्यसंगीतात रुळली. तरी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तिच्यात मींड नाही आणि सूर आधीच ठरलेले, हा आक्षेप. बंदी मला अन्यायच वाटते, पण आक्षेप खोटा नव्हता. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर बारा समान भागांत शुद्ध गंधार ४०० वर पडतो. तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणारा गंधार असतो ३८६ वर.

बंदीच्या कितीतरी आधी सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी यावर खटपट केली. बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली गेली. श्रुती मोजायला गाऊन दाखवले ते उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी, जे पुढे मिरजेचेच झाले. पेटीच्या इतिहासात हा गळा फारसा आठवला जात नाही, याची मला खंत आहे. ती पेटी काही रुळली नाही.

भाच्याच्या लॅपटॉपवर आम्ही सर्ज एक्सटी हे मोफत सॉफ्टवेअर उतरवले. त्यात सूरांच्या जागा साध्या मजकुराच्या फाइलमधून बदलता येतात. यादीतली चौथी ओळ शुद्ध गंधाराची. तिथे ४००.० होते, आम्ही ३८६.३ लिहिले. (सा दुसऱ्या पट्टीवर नेला की पायाही बदलून सांगावा लागतो, ही कटकट आहेच.)

खालचा सा धरून दोन्ही गंधार वाजवले. भाच्याने तीनदा ऐकले.

"मामू, पहिला जरा चढाच होता की."