सुई आणि साखरेची गोळी

कोलकात्यातल्या एका अरुंद जिन्यावरून आई मला कडेवर घेऊन चढायची. वर्ष 1986. मी पाच वर्षांची होते आणि माझा उजवा पाय पोलिओने लुळा पडला होता. वरच्या खोलीत एक वयस्क डॉक्टर गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला बारीक सुया टोचत. आई विचारायची, "टोचतंय का गं?" मी हो म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. दुखतंय म्हणजे पाय जागा होतोय, असा तिचा हिशेब होता.

त्या सुया कोलकात्यात कशा आल्या, हे मला फार उशिरा कळलं. 1938 साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक पाठवलं. त्यांतले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक असतात. त्याच पथकात कोलकात्याचे बिजयकुमार बसू होते. कोटणीस 1942 साली चीनमध्येच वारले. बसू परतले, 1950च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुईविद्या शिकले आणि ती आपल्या शहरात घेऊन आले.

बसू शिकायला गेले तेव्हा चीनमध्ये त्या विद्येचा पुनर्जन्म होत होता. 1822 साली तिला राजवैद्यकातून हद्दपार केलं गेलं होतं. आता नवं सरकार तिला प्रतिष्ठा देत होतं. आधुनिक वैद्यक शिकलेल्या चू लियेन या डॉक्टर बाईंचं नव्या सुईविद्येवरचं पुस्तक 1951 साली आलं. त्यात त्यांनी सुईचा परिणाम मज्जासंस्थेच्या भाषेत समजावला होता. हेही एक भाषांतरच.

त्याच दशकात पोलिओ थैमान घालत होता. 1955 साली च्यांगसू प्रांतातल्या नानतोंगमध्ये सुमारे 1,680 जण लुळे पडले. त्यांत बहुतेक मुलं होती, आणि चारशेहून अधिक माणसं दगावली. रोगावर औषध नव्हतं. लस तिथे पोहोचली नव्हती. सुई मात्र होती, आणि सुईपाशी या आजारासाठी एक जुना शब्द तयार होता.

तो शब्द म्हणजे 'वेइ', कोमेजणं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'हुआंगदी नेइचिंग' या वैद्यकग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आतल्या उष्णतेने शरीर करपतं आणि हातपाय पाणी न मिळालेल्या रोपासारखे मान टाकतात, अशी ती कल्पना. पोलिओत आधी ताप येतो, मग पाय जातो. त्यामुळे वर्णन चपखल बसलं. उपायही तिथेच होता: पोटाशी जोडलेली आणि पायाच्या पुढच्या अंगाने उतरणारी वाहिनी धरायची. माझ्या गुडघ्याखालची सुई त्याच वाहिनीवर होती. आपल्याकडेही गावात म्हणतात, 'पायावरून वारं गेलं.' नाव मिळालं की माणसाला उपायाची दिशा सापडल्यासारखी वाटते.

चिनीत पोलिओचं रूढ नाव 'श्याओअर माबी' आहे. 'श्याओअर' म्हणजे लहान मूल. 'माबी'तल्या 'मा'मध्ये मुंग्या येणं, बधिर होणं हा अर्थ आहे. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना जोडीला चिनी घेतली होती. हा शब्द पहिल्यांदा फोडून वाचला तेव्हा मी अडखळले. कारण पोलिओ बधिर करतच नाही. विषाणू तोंडावाटे आतड्यात शिरतो, आणि लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांतल्या एखाद्याच्या मज्जारज्जूतल्या हालचालीच्या पेशी मारतो. स्पर्शाच्या, वेदनेच्या वाटा शाबूत राहतात. पाय हलत नाही, पण त्याला सगळं कळतं.

म्हणजे सुई पहिल्या दिवसापासून टोचणारच होती. माझा पाय जागा होत नव्हता. तो झोपलेलाच नव्हता.

मेलेल्या पेशी सुईने परत येत नाहीत. अनेक मुलांच्या पायात पहिल्या काही महिन्यांत थोडी ताकद आपोआप परतते, आणि त्या काळात जो उपाय चालू असेल त्याच्या पदरात श्रेय पडतं. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी दर वेळी पाय हातात घेतला, चोळला, हलवून घेतला. तेवढं करायलाही तेव्हा फार जण तयार नव्हते.

रोगाला खरी वेसण घातली ती वेगळ्याच वस्तूने. मॉस्कोत विषाणूशास्त्र शिकलेल्या गू फांगचौ यांनी 1960 साली जिवंत विषाणूची लस आधी स्वतः घेतली, मग आपल्या तान्ह्या मुलाला दिली. पुढे तिची साखरेची गोळी झाली. ती खेड्यांपर्यंत नेणं सोपं झालं आणि मुलं ती आवडीने चघळू लागली. 1994नंतर चीनमध्ये देशी पोलिओचा रुग्ण आढळला नाही. भारतातली शेवटची रुग्ण 2011 साली सापडली, हावड्यात, माझ्या त्या जिन्यापासून गंगेच्या पलीकडे.

माझा डोस वडिलांच्या बदलीच्या गडबडीत राहून गेला होता. आई हे कधी बोलली नाही. फक्त आठवड्यातून तीनदा मला कडेवर घेऊन चढत राहिली. गू यांनी आपल्या बाळाला लस दिली हे वाचलं, त्या रात्री मला तो जिना आठवला.

आई आता ऐंशीची आहे. परवा तिने माझ्या बुटाची पट्टी बांधता बांधता विचारलं, "तेव्हा खरंच दुखायचं का गं?"

'माबी'चा अर्थ मी तिला अजून सांगितलेला नाही. म्हटलं, "हो, दुखायचं."

"म्हणजे गुण येत होता," ती म्हणाली.