साळावली धरण : भरण्याची बातमी आणि झिरपण्याची नोंद

सांगे तालुक्यातील साळावली धरण बहुतेक पावसाळ्यांत काठोकाठ भरते. पाण्याने ४१.१५ मीटरची पूर्ण संचय पातळी ओलांडली, की ते सांडव्याच्या गोलाकार कड्यावरून चहूबाजूंनी आत कोसळू लागते आणि तो देखावा पाहण्यासाठी राज्यभरातून लोक येतात. वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येतात. त्याआधीचे काही आठवडे धरण किती टक्के भरले याचे आकडे रोज दिले जातात आणि मार्चनंतर किती टक्के उरले याचे. साठ्याबद्दलची ही उत्सुकता स्वाभाविक आहे. दक्षिण गोव्याचे पिण्याचे पाणी प्रामुख्याने याच एका जलाशयातून येते. मात्र धरण सुरक्षित आहे की नाही, हे टक्क्यांवरून कळत नाही. त्यासाठी पाहावे लागते ते वेगळेच पाणी : जे सांडव्यावरून जात नाही, भरावाच्या पोटातून झिरपून पायथ्याशी बाहेर येते.

साळावली नदी ही जुवारीच्या खोऱ्यातली. तिच्यावरील हे धरण मातीचा भराव आणि दगडी बांधकाम मिळून बनले आहे. उंची ४२.७ मीटर, लांबी १,००४ मीटर आणि साठवण क्षमता सुमारे २३ कोटी ४० लाख घनमीटर. गोव्यातील हे सर्वांत मोठे धरण. प्रकल्पाचे काम १९७० च्या दशकात सुरू झाले. त्यासाठी कुर्डी गावासह अनेक वस्त्या उठवाव्या लागल्या. कुर्डीकरांचे पुनर्वसन वाडे आणि वालकिणी येथे झाले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावातले कुर्डी ते हेच. तेथील कदंबकालीन महादेव मंदिर दगड दगड सुटा करून दुसरीकडे हलवले गेले आणि पुन्हा उभारले गेले. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले, की जुन्या घरांची जोती आणि वाटा उघड्या पडतात आणि विस्थापित कुटुंबे मे महिन्यात तेथे देवदर्शनाला जमतात. एवढी किंमत मोजून साठवलेले पाणी शुद्धीकरणानंतर सासष्टी, मुरगाव, केपे, सांगे या भागांत नळाने पोहोचते. मुख्य जलवाहिनी कोठे फुटली, तर मडगाव आणि वास्कोत लगेच टँकर फिरू लागतात. जलवाहिनी काही दिवसांत सांधता येते. धरणाला मात्र पर्याय नाही.

दरवाजे नसलेला सांडवा

मातीच्या धरणाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून काही काळ पाणी गेले तरी ते तग धरण्याची शक्यता असते. मातीचा भराव मात्र काही तासांत कापला जातो. गुजरातमधील मोरबीजवळचे मच्छू धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी याच कारणाने फुटले. सांडव्याच्या क्षमतेहून अधिक पूर आला, काही दरवाजे पूर्ण उघडता आले नाहीत आणि दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले. आंध्र प्रदेशातील चेय्येरू नदीवरच्या अन्नमय्या धरणाचा मातीचा भाग नोव्हेंबर २०२१ मध्ये असाच गेला; तेथेही एक दरवाजा उचलता आला नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये तुंगभद्रा धरणाच्या १९ व्या दरवाजाची साखळी तुटून दरवाजाच वाहून गेला. तेथे धरण वाचले, पण साठलेले पाणी डोळ्यांदेखत सोडून द्यावे लागले.

साळावलीच्या सांडव्याला दरवाजेच नाहीत. त्याचा आराखडा वरून पाहिला तर बदकाच्या चोचीसारखा दिसतो, म्हणून अभियंते त्याला ‘डकबिल’ सांडवा म्हणतात. सरळ भिंतीऐवजी वळवलेली भिंत घातल्याने थोड्या जागेत सांडव्याची लांबी बरीच वाढते. लांबी वाढली, की तेवढाच पूर कमी उंचीच्या थरातून निघून जातो आणि जलाशयाची पातळी धरणमाथ्यापासून दूर राहते. शिवाय असा सांडवा पुराबरोबर आपोआप ‘उघडत’ जातो. कड्यावरील पाण्याचा थर दुप्पट झाला, तर विसर्ग दुप्पट होऊन थांबत नाही; तो पावणेतीन पटींहून अधिक होतो. मध्यरात्री वीज गेली, रस्ता बंद झाला, कर्मचारी पोहोचू शकला नाही, तरी सांडव्याचे काम अडत नाही. पर्यटक ज्याला धबधबा समजतात ती खरे तर धरणाची सुरक्षा यंत्रणा आहे आणि तो दिवस तिच्या कामाचा असतो.

या रचनेला मर्यादाही आहेत. दरवाजे नसल्याने मोठा पूर येण्यापूर्वी सांडव्यातून पाणी सोडून जागा करता येत नाही. वाहून आलेली झाडे आणि ओंडके कड्यावर अडकले, तर विसर्गाची क्षमता घटते. सांडवा किती पुरासाठी बांधला, हे त्या काळच्या पावसाच्या नोंदींवर ठरलेले असते. आता कमी वेळात कोसळणाऱ्या पावसाचे प्रमाण पाहता तो हिशेब पुन्हा मांडणे भाग आहे. राज्यात याउलट रचनाही आहे. सत्तरीतील अंजुणे धरणाला दरवाजे आहेत, आणि तेथून पाणी सोडण्याची वेळ व प्रमाण यांवर वाळवंटीकाठच्या साखळीचे लक्ष असते.

गढूळ पाझर

मातीचे प्रत्येक धरण झिरपते. त्यात वावगे काही नाही. भरावाच्या मध्यभागी चिकणमातीचा गाभा, त्याला लागून वाळूचे गाळणथर आणि पायथ्याशी पाणी वाहून नेणारे चर, ही सारी योजना झिरपणे गृहीत धरूनच केलेली असते. पाझराचे पाणी एका चरात गोळा करून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या खाचेतून सोडतात आणि खाचेतील पाण्याच्या उंचीवरून त्याचे प्रमाण मोजतात. जलाशय भरला की हे प्रमाण वाढते, उतरला की घटते. चिंता करायची ती दोन प्रसंगी. एक, जलाशयाची पातळी तीच असताना पाझर वाढला तर. आणि दुसरा, पाझर गढूळ झाला तर. स्वच्छ पाणी म्हणजे केवळ पाणी बाहेर येत आहे. गढूळ पाणी म्हणजे धरणाची माती बाहेर येत आहे. आत एकदा बीळ तयार झाले, की ते पाण्याच्या दाबाने रुंदावत जाते आणि वरून पाहणाऱ्याला शेवटपर्यंत काही दिसत नाही.

म्हणूनच भरावावर झाडे वाढू देत नाहीत : झाड वाळले, की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. उंदीर, घुशी, खेकडे यांची बिळे वेळीच बुजवावी लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर महाराष्ट्राच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि त्याची बरीच थट्टा झाली. खेकडे बिळे करतात हे खरे. पण बिळे शोधून बुजवणे हे माणसांचे काम, आणि गळतीबद्दल तिवरेच्या ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. थट्टेच्या गदारोळात हा मुद्दा मागे पडला.

भरावातून आरपार जाणारा पाण्याचा मार्ग, म्हणजे विमोचक, हे आणखी एक नाजूक ठिकाण. माती आणि काँक्रीट यांचा सांधा तेथे असतो. १२ जुलै १९६१ रोजी पुणे बुडवणाऱ्या पानशेत धरणाचा घात तेथूनच सुरू झाला. अपुऱ्या राहिलेल्या विमोचकाला हादरे बसले, वरचा भराव खचला आणि खचलेल्या जागेवरून पाणी गेले.

कायदा काय सांगतो

संसदेने संमत केलेला धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. १५ मीटरहून उंच असलेली सर्व धरणे त्याच्या कक्षेत येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणे तेव्हाच येतात, जेव्हा त्यांची लांबी, साठा किंवा पुराचा विसर्ग ठरावीक मर्यादेइतका असतो, अथवा पाया वा रचना नेहमीपेक्षा वेगळी असते. साठ्याची मर्यादा १० लाख घनमीटर आहे. प्रत्येक राज्यात धरण सुरक्षा संघटना असावी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी व्हावी, उपकरणांच्या नोंदी ठेवाव्यात, आपत्कालीन कृती आराखडा तयार असावा, अशी बंधने धरणाच्या मालकावर आहेत. गोव्यात हा मालक बहुतांशी राज्य सरकारच.

साळावली या कायद्यात निःसंशय बसते. मोठ्या धरणाकडे लक्ष जातेच. काळजी वाटते ती लहान साठ्यांची. काणकोणला पाणी देणारे चापोली, तिळारीचा कालवा बंद पडला की अस्नोडा प्रकल्पाच्या मदतीला येणारे डिचोलीतील आमठाणे, फोंड्यातील पंचवाडी, काणकोणमधीलच गावणे यांची नावे टंचाईच्या बातम्यांतच ऐकू येतात. गावोगावचे वसंत बंधारे आकाराने कायद्याच्या चौकटीत येतच नाहीत. लहान धरणाखाली वस्ती बहुधा अगदी जवळ असते आणि धरण फुटले, तर पाणी घरांपर्यंत यायला काही मिनिटेच लागतात. तिवरे हेही फार मोठे धरण नव्हते.

आपत्कालीन आराखडा कपाटात राहिला तर त्याचा उपयोग नाही. धरणाखालच्या पंचायतींना पुराच्या पाण्याचा नकाशा ठाऊक हवा. भोंगा वाजला तर कोणत्या उंचवट्यावर जायचे हे शाळेतल्या मुलांनाही सांगता यायला हवे, आणि पायथ्याचा पाझर गढूळ दिसला तर कोणाला कळवायचे हे गुराख्यालाही माहीत असावे. भरावाकडे त्याचीच नजर सर्वाधिक वेळा जाते. जलसाठ्याचे टक्के रोज प्रसिद्ध होतात. त्यांच्याच शेजारी पाझराचा आकडा आणि मागच्या वर्षी याच पातळीला तो किती होता ही नोंद छापायला अडचण नसावी.

कायद्याने प्रत्येक नोंदित धरणाचे सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञांकडून करून घेणे बंधनकारक केले आहे. पहिल्या मूल्यमापनासाठी कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत असून ती डिसेंबर २०२६ अखेरची आहे.