धनुर्वाताची सुई बायांपर्यंत कशी आली

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गटांच्या बैठकीत आम्ही जखमेचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "खुरप्याचंच तर लागलंय, त्याला काय दवाखाना?" भीमेकाठचा ऊस असो, घोड नदीकाठचा कांदा असो की दारातला गोठा असो, आपले हातपाय दिवसभर मातीत आणि शेणात असतात. म्हणून आज आम्ही धनुर्वाताची गोष्ट सांगणार आहोत. ही सुई आधी कोणाला मिळाली, मग कोणाला मिळाली आणि अजून कोण मागे राहिलंय, ते त्यातून कळेल.

रोग फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत त्याला धनुःस्तंभ म्हटलंय, कारण झटक्यात अंग धनुष्यासारखं वाकतं. गर्भपातानंतर, फार रक्त गेल्यावर किंवा घाव लागल्यावर येणारे असे झटके बरे होत नाहीत, असंही त्या ग्रंथात सांगितलंय. म्हणजे हा रोग शेतातल्या घावातून येतो तसा बाईच्या कूसउजवणीतूनही येतो, हे जुन्या वैद्यांना दिसलं होतं. कारण मात्र माहीत नव्हतं.

ते सापडलं १८८९ मध्ये. किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिनच्या प्रयोगशाळेत हा जंतू वेगळा काढून दाखवला. जंतू राहतो मातीत आणि जनावरांच्या शेणात. त्याचं बीज वर्षानुवर्षं मरत नाही. हवा न लागणाऱ्या खोल, बंद जखमेत ते रुजतं आणि विष तयार करतं. आधी दातखीळ बसते, मग मान, पाठ आणि पोट ताठतं. गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो असं आपण म्हणतो, पण दोष गंजाचा नसतो. खिळ्यावरची माती खोलवर जाते, तो खरा धोका. बाभळीचा काटाही तेच करतो.

एवढीशी माती काय करते, हे १९०२ मध्ये साऱ्या देशाने पाहिलं. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत डॉ. हाफकिन प्लेगची लस बनवत. ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचलं, ते १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिनांवर आला. पुढे चौकशीतून कळलं, की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचंच नाव दिलं गेलं.

धनुर्वातावरचं पहिलं औषध घोड्यांकडून आलं. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिकार तयार झाला की रक्त काढून त्यातला रस माणसाला द्यायचा. हडपसरजवळच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरून म्हातारे झालेले घोडे हाफकिन संस्थेला जात. आपल्याच घोड्यांपासून औषध इथेच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट सुरू केली. दौंडहून सोलापूर रस्त्याने पुण्याला जाताना हडपसर लागतं, ते हेच. पण घोड्याच्या रसाचा प्रतिकार थोडेच दिवस टिकतो आणि काहींना तो बाधतोही.

खरी लस म्हणजे निकामी केलेलं विष. ते टोचलं की आपलं शरीर स्वतःच प्रतिकार तयार करतं आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. दुसऱ्या महायुद्धात ही लस सैनिकांना मिळाली. अमेरिकेच्या अफाट सैन्यात युद्धभर धनुर्वाताचे जेमतेम १२ रुग्ण झाले.

बाळंतिणीची पाळी मात्र उशिरा आली. घरच्या बाळंतपणात नाळ विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने कापली जाई, वर राख किंवा शेण लावलं जाई. दोन-चार दिवस नीट दूध पिणारं बाळ एकाएकी ओढायचं थांबे आणि आठवड्यात जाई. घरचे नशिबाला दोष देत. १९८८ मध्ये जगात ७ लाख ८७ हजार तान्ही बाळं धनुर्वाताने गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आईला गरोदरपणात टोचलं तर बाळालाही कवच मिळतं. पण सुई गावात पोचवायची कोणी? आपल्या शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, ते गावातल्याच माणसांना शिकवून. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशभर नर्सबाई, अंगणवाडी ताई आणि आशा ताई दारोदार गेल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. २०१५ मध्ये भारतात माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे दर जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. जंतू मातीत आहे तसाच आहे.

आता मागे कोण राहिलंय? आपणच. आपल्यातल्या कितीतरी जणींची शेवटची सुई धाकट्या लेकराच्या वेळची असते. ते लेकरू आता कॉलेजात जातं. गरोदरपण संपलं, सुई संपली, पण कोयता आणि खुरपं हातातच राहिलं. इतर काही रोगांत गावाने लस घेतली की न घेतलेलाही वाचतो. धनुर्वातात तसं होत नाही. तो माणसाकडून माणसाला लागत नाही, मातीतून लागतो. शेजारणीची सुई आपल्याला वाचवत नाही.

म्हणून जखम झाली की आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा. शेण, राख, चुना, तंबाखू, हळद काही भरू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. दोन दिवस उलटले असले तरी जा. शेवटची सुई कधी घेतली ते सांगा. पूर्वीचे डोस पूर्ण असले, तरी मातीच्या जखमेत पाच वर्षं आणि स्वच्छ, लहान जखमेत दहा वर्षं उलटली असतील, तर पुन्हा टोचावं लागतं. आधी कधी घेतलीच नसेल किंवा आठवत नसेल, तर घाण जखमेला तयार प्रतिकाराचं वेगळं इंजेक्शनही लागतं आणि लसीचे पुढचे डोसही पूर्ण करावे लागतात. पूर्वी टीटी म्हणत, आता टीडी देतात. त्यात घटसर्पाचीही लस असते.

येत्या बैठकीत बचतीच्या वहीत एक रकाना वाढवा. प्रत्येकीच्या नावापुढे शेवटच्या सुईचं साल लिहा. जिचा रकाना कोरा राहील, तिला आशा ताईंकडे सोबत घेऊन जा.