कागदघडी, भूमिती अध्यापनातील
कागदाला घड्या घालून भौमितिक रचना व वक्र शिकविण्याची वर्गकृती. बालोद्यानातील घडीकामावरून सुचलेल्या या पद्धतीस टी. सुंदर राव यांच्या मद्रास येथे १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकाने ग्रंथरूप दिले. फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतल्यावर १९०१ मध्ये शिकागोतून त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

भूमिती व आलेख यांचा सांधा या कृतीत अन्वस्ताच्या (पहा : शांकव) रचनेत दिसतो. आलेख कागदावर (०, १) ही नाभी आणि य = –१ ही नियता घेऊन नियतेवरील एकेक बिंदू नाभीवर आणून घडी घातली, की प्रत्येक घडी क्ष² = ४य या अन्वस्ताची स्पर्शिका होते. घडी ही सिद्धता नव्हे, हा आक्षेप अर्धाच खरा. जुळविलेल्या दोन बिंदूंना सांधणाऱ्या रेषाखंडाची ती लंबदुभाजक असते (पहा : सममिती), म्हणून (२, –१) मधून नियतेला काढलेला लंब संबंधित घडीला (२, १) येथे छेदतो आणि हा बिंदू नाभी व नियता यांपासून प्रत्येकी २ एकक अंतरावर येतो. सिद्धता याच समान अंतरांतून निघते; जाड, वाकड्या घडीमुळे मापन बिघडते, तर्क नव्हे. शिवाय घडीचे सामर्थ्य पट्टी-कंपासापेक्षा अधिक आहे : मार्गेरिता बेलोक यांनी १९३६ मध्ये घडीने घन समीकरणे सोडविता येतात हे दाखविले, त्यामुळे कोनाचे त्रिभाजनही (पहा : कोनत्रिभाजन) शक्य होते.