हिमरूची उलटी बाजू
छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) हिमरूचा इतिहास बहुधा दरबाराच्या अंगाने सांगितला जातो. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीस आणली व तिच्यामागोमाग विणकर आले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. परंतु हिमरूला किनखापाची स्वस्त नक्कल समजून बाजूस सारणे न्यायाचे नव्हे. किनखापाची शोभा जरीची, ती मिरवावयाची. हिमरूत सुती ताण्यावर रेशमी बाण्याची वेलबुट्टी उठते आणि जादा बाणा कापडाच्या मागील अंगास सैल राहतो. या मोकळ्या धाग्यांच्या थरामुळेच कापड मऊ व उबदार लागते. शाल, रजई, पलंगपोस यांसाठी गृहस्थाने ते पसंत केले, त्याचे कारण या उलट्या बाजूत आहे. दरबारी पोशाख संग्रहालयांत जपले जातात. रजया वापरून विरतात, आणि त्यांच्याबरोबर घरगुती जीवनाचा पुरावाही. निजामाची राजधानी १७६३ मध्ये हैदराबादेस गेली. १९४८ मध्ये ते संस्थान विलीन झाल्यावर सरंजामी गिऱ्हाईकही ओसरले. त्यानंतर हा धंदा जो काही तगला, तो मुख्यत्वे शालीवर, म्हणजे थंडीच्या दिवसांत घरी पांघरावयाच्या वस्त्रावर.