पहिल्या महायुद्धातील इंग्रजी कविता : देशभक्ती आणि धार्मिक प्रतिमा

पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) इंग्रजी कवितेत देशासाठी पत्करलेल्या मरणाला ख्रिस्ताच्या बलिदानाचे तेज देण्यात आले आणि पुढे त्याच प्रतिमांनी युद्धाला जाब विचारला. रूपर्ट ब्रुक (१८८७–१९१५) याच्या ‘द सोल्जर’ या सुनीतात परक्या मातीत पडलेला सैनिक ती जागाच इंग्लंडची करून टाकतो. ४ एप्रिल १९१५ रोजी, ईस्टरच्या दिवशी, डीन विल्यम इंग याने ते लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधील प्रवचनात वाचले. देशभक्तीची कविता थेट धर्मपीठावर पोहोचली. त्याच महिन्यात ब्रुकचा मृत्यू झाला, तोही लढाईत नव्हे, जंतुसंसर्गाने.

खंदकांत दिवस काढलेल्या कवींच्या हाती हे तेज काळवंडले. सिगफ्रीड ससूनच्या ‘द रिडीमर’मध्ये चिखलातून फळ्या वाहणारा साधा सैनिक क्षणभर ख्रिस्त भासतो. विल्फ्रेड ओएन (१८९३–१९१८) याहून खोल जातो. तरुणपणी तो डन्सडेन या गावच्या धर्मगुरूचा साहाय्यक होता. बायबलची भाषा त्याच्या अंगात मुरली होती. अब्राहम व इझाक यांच्या बायबलमधील कथेवरील त्याच्या कवितेत देवदूत अडवीत असतानाही बाप मुलाचा बळी देतो. वडीलधाऱ्या पिढीवर इतका भीषण आरोप करणारी इंग्रजी युद्धकविता क्वचितच सापडेल. युद्धविरामाच्या एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, ओएन मारला गेला. संगीतकार बेंजामिन ब्रिटनने ‘वॉर रेक्विएम’मध्ये (१९६२) मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेत ओएनच्या नऊ कविता गुंफल्या, त्यांत अब्राहम-इझाकवरील ही कविताही आहे.