साथीतले रमजान

२०२१ च्या रमजानात मी एकही रोजा ठेवला नाही. कोरोनातून उठून जेमतेम दोन आठवडे झाले होते. जिना चढताना धाप लागायची आणि गोळ्या दिवसातून तीनदा घ्यायच्या होत्या. तरीही सहरीच्या वेळी घरात भांडी वाजू लागली की मी उठून बसायचे. गुन्हा केल्यासारखे वाटायचे. दिवसा पाणी प्यायचे तेही दाराकडे पाठ करून. एकदा अम्मीने पाहिले. म्हणाली, “अल्ला ने छूट दिया तो तू कौन नक्को बोलनेवाली?”

अम्मी फारशी शिकलेली नाही. मी बी.एड. झालेली, मुलांना इतिहास शिकवणारी. पण मुद्दा तिचाच बरोबर होता. रोजे फर्ज झाले हिजरी सन २ मध्ये. ज्या सूरह बकरामध्ये तो हुकूम आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे: सुटलेले दिवस नंतर मोजून भरावेत. म्हणजे सवलत मागाहून कुणी पळवाट म्हणून काढलेली नाही, ती हुकुमाच्या सोबतच आली आहे. हिजरी ८ च्या रमजानात हुजूर (स.) मक्केच्या मोहिमेवर निघाले. लोक रोज्याने हैराण झाले होते. कुराउल गमीम या ठिकाणी त्यांनी पाण्याचा प्याला मागवला, सर्वांना दिसेल असा उंच धरला आणि पाणी प्यायले. तरीही काहींनी रोजा सोडला नाही, असे कळल्यावर त्यांनी त्या लोकांना नाफरमान म्हटले. प्याला उंच का धरला असेल? दाराकडे पाठ करून पाणी पिणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीच असावा, असे मला त्या दिवसांत वाटून गेले.

पडून राहण्याचा एक फायदा असतो, नसते उद्योग सुचतात. मी हिजरी-इसवी तारखांचा मेळ घालत बसले. मुंबईतल्या जुन्या साथी रमजानात कशा आल्या असतील? चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस मागेपुढे होईल हे धरून हिशेब मांडला आणि थक्क झाले.

मुंबईत प्लेग असल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये ओळखले. पुढच्या वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. हिजरी १३१४ चा पहिला रोजा त्याच सुमाराचा! घरोघर झडत्या, आजाऱ्याला उचलून इस्पितळात नेणे, घरातले सामान जाळणे, हे सारे त्यानंतर वाढले. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणेही बंद झाले. १८९८ ची ईद फेब्रुवारीच्या २२-२३ तारखेची. तिला पंधरा दिवस होतात न होतात तोच, ९ मार्चला मदनपुऱ्यात दंगल उसळली. एका जुलाहा कुटुंबातील बारा वर्षांच्या आजारी मुलीला तपासणी पथक नेऊ पाहत होते, हे निमित्त. इतिहासात दंगलीची नोंद आहे, मेलेल्यांची आहे. त्या मुलीने पंधरा दिवसांपूर्वी ईदला काय घातले होते, शिरखुर्मा खाल्ला होता का, हे कोण लिहिणार? सरकारचे सारेच चूक होते असे मी म्हणणार नाही, प्लेग खराच होता. पण पडद्यातल्या बायकांच्या काखा आणि जांघा परक्या पुरुषांनी तपासाव्यात, ही रीत कोणत्याही घराला सोसली नसती. पुढे जमातवार इस्पितळे निघाली, तेव्हा कुठे लोक थोडे सैलावले.

आणि १९१८. त्या वर्षीचा रमजान १० जूनच्या आसपास सुरू झाला. १० जूनलाच मुंबईत पोलिसांच्या इस्पितळात सात शिपाई तापाने दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर कामाला होता. इन्फ्लुएंझाची ही मुंबईतली पहिली नोंद मानली जाते. म्हणजे पहिली लाट आणि रमजान हातात हात घालून चालले! मुंबईत जूनचा रोजा साडेचौदा तासांचा. वर पावसाळ्याची ओल, चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसे. ३ जुलैला शहरात २३० माणसे मेली, आणि ईद होती १० जुलैच्या सुमारास. त्या आठवड्यात कितीतरी घरांत कुणी अंथरुणावर, तर कुणी नुकतेच उठून भिंत धरून चालत असेल. लाट ओसरली म्हणून लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण सप्टेंबरात दुसरी, अधिक जीवघेणी लाट आली, बकरी ईदच्या सुमारास. ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू झाले. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली. जुलैत ज्यांनी एकमेकांना गळामिठी मारली, त्यांतले कितीजण पुढच्या ईदला उरले असतील?

आपल्याकडे ईदचा इतिहास म्हणजे ईदगाहचा इतिहास. किती सफा लागल्या, खुतबा कुणी दिला. घरात राहिलेल्यांची ईद त्यात येत नाही, आणि घरात राहिलेल्यांत बायका, म्हातारे आणि आजारी हेच जास्त. २०२० मध्ये पहिल्यांदा पुरुषांनाही ती ईद कळली. त्या मार्चमध्ये महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू झाला होता. मशिदी बंद, तरावीह घरात. २५ मेला ईद आली तेव्हा अनेक उलेमांनी घरीच चाश्तची नमाज पढायला सांगितले. बैठकीत चादर अंथरून अब्बा उभे राहिले तेव्हा मागच्या सफेत आम्ही बायकाही होतो.

१४ मे २०२१ ची आमची ईद तर त्याहून साधी. नवे कपडे नाहीत. फितरा आदल्या रात्रीच देऊन टाकला. शिरखुर्म्यात सुकामेवा कमी, कारण मला तो पचत नव्हता आणि अम्मीने सगळ्यांचाच कमी केला. पाहुणे नाहीत, फक्त फोन. मी दुपारी झोपले. आयुष्यात ईदच्या दुपारी झोपल्याचे मला आठवत नाही.

हजरत आयेशा (रजि.) आपले राहिलेले रोजे शाबानमध्ये भरत, अशी रिवायत आहे. मीही हळूहळू भरत आले होते, तरी अकरा उरले ते २०२२ च्या शाबानवर, मार्चमध्ये. शाळा पुन्हा भरू लागली होती. मधल्या सुट्टीत डबा न उघडता वह्या तपासत बसलेली पाहून सातवीतल्या एका मुलीने विचारले, “टीचर, अजून रमजान कुठे लागला?” मी म्हटले, “हा गेल्या वर्षीचा आहे.” ती गोंधळून पळाली. त्या अकराही पहाटे अम्मी माझ्या आधी उठून चहा टाकत होती. तिचे स्वतःचे रोजे पूर्ण होते.